आठ चाळीसची नोंद

"लावलंय म्हणू नका, ढकलून दाखवा."

दिवसातून चार-पाच वेळा तरी हे वाक्य फौजदारबाईंच्या तोंडून निघायचेच. नवरा म्हणाला, दार लावलंय, की हे वाक्य. नणंद म्हणाली, गॅस बंद केलाय, की पुन्हा तेच. नणंद मग शेगडीच्या बटणावर हात ठेवून ओरडायची, "या वहिनी, पंचनामा करून जा!" बाई खरेच जायच्या. बटण फिरवून बघायच्या आणि म्हणायच्या, "हं." त्या 'हं'ला घरात प्रमाणपत्राची किंमत होती.

फौजदार हे त्यांचे आडनाव नव्हे, आणि पोलिसांशी त्यांचा कधी संबंधही आला नव्हता. ऑफिसातल्या लोकांनी हे नाव ठेवले, नवऱ्याने ते घरी आणले, आणि पुढे पुढे बाई स्वतःच फोन उचलून म्हणू लागल्या, "फौजदार बोलतेय, कोण हवंय?"

त्यांचा संशय कुणाचे वाईट चिंतणारा नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. शेताला पाणी देणारा जाणता माणूस पाट मोकळा करून झाडाखाली आडवा होत नाही. तो बांधाबांधाने चालत राहतो, कारण पाणी जिथे फुटते तिथे ते गुपचूप फुटते. बाई तशा चालत. त्यांचा बांध मात्र डोळ्यांना दिसणारा नव्हता.

खाली चष्म्यांचे दुकान आणि वर तिसऱ्या मजल्यावर त्यांचे ऑफिस. एक लांबट खोली, दोन्ही भिंतींना लागून टेबले, टोकाला साहेबांची काचेची केबिन, आणि मागे एक अडगळीची खोली. साहेब धरून माणसे पंधरा. ही कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. कोणत्या रुग्णाला काय झाले, कोणती गोळी चालू आहे, रक्तात काय निघाले, हे सगळे त्यात साठायचे. तेही ऑफिसात नाही. दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या बेचाळीस सर्व्हरवर. त्याला ते लोक क्लाउड म्हणतात. "ढगात ठेवलेली दुखणी," असे बाईंचा नवरा म्हणायचा.

असले सॉफ्टवेअर कोणी पायापासून बांधत नाही. जगभरातल्या जाणकारांनी मिळून एक तयार सांगाडा करून ठेवलेला असतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. हजारो कंपन्या त्याच सांगाड्यावर आपापल्या भिंती उभ्या करतात. सोय मोठी. पण सांगाड्यात भोक निघाले की ते सगळ्यांच्याच घरात निघते. मग सांगाड्याचे राखणदार जाहीर करतात, की अमुक जागी भोक आहे आणि त्यावर हा पॅच आहे. जाहीर झालेले चोरही वाचतात, म्हणून त्या दिवशी शर्यत लागते. चोराच्या आधी सगळ्या सर्व्हरवर पॅच चढवायचा आणि तो खरेच बसला का ते बघायचे, हे बाईंचे काम. अकरा वर्षे त्या हेच करत होत्या, आणि अकरा वर्षांत शर्यत हरल्या नव्हत्या.

त्या मंगळवारी सकाळी जे भोक जाहीर झाले, ते त्यांनी मला, त्यांच्या शेजाऱ्याला, नंतर भाजी निवडता निवडता समजावून सांगितले. अमुक पान दाखव, अशी बाहेरून येणारी प्रत्येक मागणी आधी एका चौकीवरून जाते. पासवर्ड आहे का, परवानगी आहे का, हे तिथे तपासतात. पण आतल्या आत फ्रेमवर्क एकच मागणी दोन-तीनदा फिरवते. दर फेरीला पुन्हा तपासणी नको म्हणून ते मागणीवर एक खूण करते, की हिची तपासणी झाली आहे. चौकी खूण बघते आणि सोडते. ती खूण फ्रेमवर्कने केली की बाहेरच्या कुणी आपल्या हाताने करून आणली, हे मात्र चौकी विचारतच नव्हती. इतकेच ते भोक. खूण कशी करायची हे ज्याला ठाऊक, त्याला पासवर्ड लागत नाही.

मंगळवारी दुपारी तीनपर्यंत सगळ्या सर्व्हरवर पॅच चढला. भिंतीवरच्या पडद्यावर बेचाळीस हिरवे ठिपके उमटले. साहेब केबिनमधून बाहेर येऊन म्हणाले, "झालं, मंडळी." बाई उठल्या नाहीत. त्यांनी स्वतः खूण लावलेली मागणी तयार केली आणि एकेका सर्व्हरच्या दारावर जाऊन थाप मारली. बेचाळीसही दारांनी त्यांना परत पाठवले. तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, "हं."

पण काम संपले नव्हते. शुक्रवारी दवाखान्यांना पत्र जायचे होते. भोक होते, ते बुजवले, आणि त्यातून आजवर कुणी आत शिरलेले नाही, असे त्यात लिहायचे होते. शेवटचे वाक्य लिहायचे तर जुन्या नोंदी चाळायला हव्यात. कोण, कधी, कुठून आले याची नोंद सर्व्हर ठेवतोच. बुधवारी सकाळी बाई नोंदी चाळायला बसल्या, आणि अर्ध्या तासात त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

रोज सकाळी आठ चाळीस. रविवार सोडून रोज. खूण लावलेली एकच मागणी, सरळ रुग्णांच्या यादीच्या पानावर. आली, पान उघडले, गेली. त्याच बुधवारीही आली होती. फक्त पॅचमुळे दारातूनच परतली होती. आणि ती कुठून आली हे वाचल्यावर बाईंनी पडदा थोडा खाली झुकवला, मागून कुणी बघू नये म्हणून. पत्ता त्यांच्याच ऑफिसचा होता, तिथल्या सगळ्या कॉम्प्युटरांचा मिळून एकच.

घरातलाच माणूस.

ऑफिस साडेनऊला भरते. आठ चाळीसला तिथे दोनच माणसे असतात. एक झाडलोट करणाऱ्या मावशी. दुसरा लवकऱ्या.

लवकऱ्या हे नावही ऑफिसनेच ठेवलेले. बत्तीस-तेहतिशीचा, उंच, कमी बोलणारा माणूस. सव्वाचार महिन्यांपूर्वी नोकरीला लागला होता आणि सहा महिन्यांच्या परीक्षेवर होता. तेवढ्यात एक डाग लागला तरी घरी. रोज साडेआठला हजर. एकही रजा नाही. एकही रजा न घेणारा नवा माणूस बाईंना आधीपासूनच खटकत होता. आता त्यांनी पहिली नोंद शोधली. ती बरोबर चार महिन्यांपूर्वीची निघाली. म्हणजे रुजू झाला, आठवडाभर घर बघून घेतले, आणि सुरू झाला.

हे सगळे असे चपखल बसले, की बाईंनी ते ढकलून पाहिले नाही.

साहेबांनी लवकऱ्याला केबिनमध्ये बोलावले. बाई शेजारच्या खुर्चीत होत्या. काच असल्यामुळे बाहेरच्या बारा जणांना ऐकू काही येत नव्हते, दिसत मात्र सगळे होते.

"तुम्ही इतक्या सकाळी येऊन काय करता?" साहेबांनी विचारले.

"काम."

"साडेनऊच्या आधी? कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मुलीला आठला शाळेत सोडतो. परत घरी जायचं आणि पुन्हा निघायचं, त्यात तासभर मोडतो. त्यापेक्षा इथं येऊन बसतो."

"आणि आठ चाळीसला?" बाई म्हणाल्या.

"आठ चाळीसला काय?"

"तेच विचारतेय मी."

"ताई, मला कळलं नाही."

"रोज कळतं, आजच कसं कळत नाही?"

त्याचा चेहरा उतरला. बाईंना तो उतरलेला चेहरा कबुलीसारखा दिसला. आपल्याला काही ठाऊक नसताना पकडले जाण्याची भीतीही चेहऱ्यावर तशीच दिसते, हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानात आले नाही. साहेबांनी कागद पुढे सरकवला. चौकशी होईपर्यंत घरी बसावे, दाराचे कार्ड बंद. लवकऱ्याने कागद दोनदा वाचला. मग बाईंकडे वळून म्हणाला, "आधी मला विचारलं असतं तर मीच माझा कॉम्प्युटर तुमच्यापुढं उघडून ठेवला असता."

"म्हणूनच नाही विचारलं," बाई म्हणाल्या. "वेळ मिळाला असता."

त्याने खुर्चीच्या पाठीवरचा स्वेटर उचलला, डबा उचलला आणि तो गेला. बाराही माणसे आपापल्या पडद्यात डोके घालून बसली होती. त्याने कुणाचा निरोप घेतला नाही आणि कुणी दिलाही नाही.

त्या संध्याकाळी नवऱ्याने विचारले, "पुरावा पक्का आहे ना?"

"पक्का."

"तो काय म्हणाला?"

"काय म्हणणार? मुलीची शाळा."

"मग असेल शाळा."

"तुमचा सगळ्यांवरच विश्वास. भाजीवाल्यावर पण."

"भाजीवाल्यानं अजून दवाखाना फोडला नाही," नवरा म्हणाला.

आतून नणंद ओरडली, "वहिनी, आज पंचनाम्याला आला नाहीत! बटण किती वेळ धरून उभी राहू?" बाई दचकल्या. अशी संध्याकाळ बरीच वर्षे गेली नव्हती.

गुरुवारी त्या सव्वाआठलाच ऑफिसात पोचल्या. त्यांना एकच गोष्ट डोळ्यांनी पाहायची होती. आठ चाळीस वाजणार, नोंदीत काही येणार नाही, आणि मग त्या अहवालात लिहिणार, की बंद झाले. खिडकीतून तिरपे ऊन टेबलांवर पडले होते. मावशी ओला पोछा घेऊन पलीकडच्या कोपऱ्यात होत्या. लवकऱ्याची खुर्ची रिकामी. बाईंनी नोंदींचे पान उघडून ठेवले आणि हाताची घडी घालून बसल्या.

आठ चाळीस झाले. पानावर एक ओळ उमटली.

तीच मागणी, तीच खूण, हाच पत्ता. दारातून परतलेली.

बाईंचा पहिला संशय कुणावर गेला हे सांगताना त्यांना पुढे कितीतरी दिवस लाज वाटायची. त्यांनी मान वर केली आणि विचारले, "मावशी, तुम्ही आत्ता कुठल्या कॉम्प्युटरला हात लावला?"

मावशींनी पोछा बादलीत आपटला. "पुसायचं पण नाही का आता? काल त्या उंच पोराला घालवलंत, आज माझा नंबर का? लावा हातकडी. दोन्ही हात ओलेत, पुसून घेते आधी."

"तसं नाही हो मावशी. इथं दुसरं काही चालू असतं का सकाळी?"

"इथं काही नाही. आत आहे की. अडगळीत, मोडक्या खुर्च्यांच्या मागं. कायम घोंघों करतंय. मी म्हटलं होतं एकदा, बंद करते, वीज जळते. पण वर चिठ्ठी डकवलीय ना."

"कसली चिठ्ठी?"

"बंद करू नये, अशी. तुमचंच अक्षर. माझ्या फिनेलच्या बिलांवर असतं तसंच."

बाई उठल्या. अडगळीच्या खोलीत खुर्च्या बाजूला करताना एका खुर्चीचा पाय त्यांच्या नडगीला लागला, पण त्या थांबल्या नाहीत. मागे एक जुना कॉम्प्युटर होता, धुळीने राखाडी झालेला. त्यावरच्या पिवळट कागदावर निळ्या शाईत लिहिले होते: बंद करू नये. 'नये'ची मात्रा लांब ओढलेली. ती मात्रा त्या शाळेपासून तशीच ओढत आल्या होत्या.

पडदा जोडून त्यांनी आत पाहिले. एक छोटासा प्रोग्राम, सात वर्षांपूर्वीचा. तेव्हा यंत्रणा नवी होती आणि सकाळी सकाळी बंद पडायची. नऊला दवाखाने उघडायचे, यादी उघडायची नाही आणि फोनवर शिव्या बसायच्या. साहेब म्हणाले होते, नऊच्या आधी यादीचे पान उघडते का हे रोज कुणीतरी बघा. बाईंनी ते काम यंत्राला लावले. पण पासवर्ड दर महिन्याला बदलायचा आणि यंत्राची तपासणी अडायची. मग त्यांनी फ्रेमवर्कची पाने उलटून पाहिली. त्यात त्यांना ती खूण सापडली. खूण लावली की चौकी सोडते. त्यांनी ती लावली, काम चालले, आणि त्या ओळीच्या शेजारी स्वतःसाठी एक टीप लिहून ठेवली: तात्पुरतं. नंतर नीट करणे.

ते नंतर आलेच नाही. पान उघडले नाही तर इशाऱ्याचा मेल जाईल, अशी सोयही त्यांनीच केली होती. कालपासून दार उघडत नाही म्हणून ते बिचारे यंत्र मेल पाठवतही होते. पण ज्या पेटीत मेल जायचे, ती पेटी चार वर्षांपूर्वी बंद झाली होती.

आणि पहिली नोंद चार महिन्यांपूर्वीची का, तर जागा भरते म्हणून चार महिन्यांहून जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातात. ही व्यवस्थाही बाईंचीच. नोंदी जिथे सुरू होतात, तिथेच चोरी सुरू झाली, असे त्यांनी धरले होते. पाऊलवाट दिसते तिथूनच माणूस चालायला लागला असेल, असे एखाद्या अडाण्याने धरावे तसे.

त्या तिथेच एका मोडक्या खुर्चीवर बसल्या. दुसरी गोष्ट त्यांना जास्त लागली. जगाला ते भोक मंगळवारी कळले. त्यांना ते सात वर्षांपूर्वी कळले होते. त्यांनी त्याला भोक म्हटलेच नाही. सोय म्हटले.

साहेब साडेनऊला आले. त्यांनी सगळे ऐकले, केबिनचे दार लावले आणि आवाज खाली आणला.

"बाई, आणखी कुणाला सांगितलं?"

"मावशींना ठाऊक आहे."

"मावशींचं सोडा. हे बघा, तो परीक्षेवर आहे. अजून पावणेदोन महिने आहेत. काम जमलं नाही म्हणून कागद देऊ. चोर म्हणायला नको आणि काही नको. त्याला दुसरीकडं मिळेल. अकरा वर्षांत तुमच्या नावावर रेघ नाही, ती आता कशाला ओढायची?"

साहेब वाईट माणूस नव्हते. ते खरोखरच बाईंची बाजू घेत होते, आणि त्यामुळेच नाही म्हणणे जड जात होते. शेवटी बाई म्हणाल्या, "पत्रात काय लिहायचं?"

"कुणी शिरलं नाही, असं."

"चार महिन्यांचं सांगता येईल. त्याआधीचं मला ठाऊक नाही. मला सापडली तशी खूण आणखी कुणाला सापडली असेल, नसेल."

"असलं पत्र वाचून दवाखाने घाबरतील."

"घाबरू देत. मी घाबरलेय." मग त्यांनी साहेबांपुढचा कागद ओढला, लवकऱ्याच्या चौकशीचा, आणि त्यावर लिहिले, की संबंधित प्रोग्राम माझा आहे, या माणसाचा संबंध नाही. खाली सही केली. आडनावासकट, खरे नाव.

दुपारी त्या लवकऱ्याच्या घरी गेल्या. चार मजले, लिफ्ट बंद. दार साखळी न काढता उघडले गेले. फटीत तो उभा, त्याच्या खांद्यामागे त्याची बायको.

बाईंनी धापा टाकत सगळे सांगितले. आडपडदा ठेवला नाही. "चूक माझी होती. तुमचं कार्ड सुरू झालंय. मला माफ करा."

तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "काल तुम्ही मला काचेच्या केबिनमध्ये बसवलंत. बारा जण बघत होते. आज मला एकट्याला जिन्यात सांगताय."

"आता गोड बोलायला आल्यात," मागून बायको म्हणाली. "तुमच्याकडून काहीतरी सही हवी असेल. तुम्ही कशावर सही करू नका."

बायकोच्या जागी बाई असत्या तर त्याही हेच म्हणाल्या असत्या. त्यांनी पर्समधून फोन काढला आणि साहेबांना लावला. "साहेब, बाहेर खोलीत या. फोन टेबलावर ठेवा आणि आवाज मोठा करा. सगळे आहेत? मावशी पण?" मग त्या जिन्यात सरळ उभ्या राहिल्या आणि जेवढ्या मोठ्याने त्यांना बोलता येते तेवढ्या मोठ्याने बोलल्या. खूण त्यांची, प्रोग्राम त्यांचा, पुसलेल्या नोंदी त्यांच्या, आणि काल ज्याला घालवले त्याने काहीही केलेले नाही. शेजारचे दार उघडले. खालच्या मजल्यावरून कुणीतरी वर डोकावले. पलीकडून, ऑफिसातून, मावशींचा आवाज आला, "ऐकलं हो सगळ्यांनी."

लवकऱ्याने फटीतून हात बाहेर काढला, बाईंनी बरोबर आणलेला, त्यांच्या सहीचा तो चौकशीचा कागद घेतला आणि दोनदा वाचला. साखळी काढली नाही.

"परत यायचं की नाही, ते आम्ही ठरवतो," तो म्हणाला.

"ठरवा. मी काही विचारणार नाही."

"शनिवारी कळवतो."

"बरं."

दार लागले. बाई कठड्याला धरून एकेक मजला उतरल्या आणि रस्त्याला लागल्या. ऊन कलले होते. त्या बसथांब्यापाशी क्षणभर रेंगाळल्या, बस आली तरी चढल्या नाहीत आणि पायीच पुढे निघाल्या, पर्स छातीशी धरून, रस्त्याच्या कडेकडेने. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत त्याची बायको ओला टॉवेल हातात घेऊन उभी होती. आतून त्याने विचारले, "गेल्या का?" ती म्हणाली, "थांबा, बघू दे." बाई औषधांच्या दुकानापुढून गेल्या, पेट्रोल पंपापुढून गेल्या, लहान होत होत वळणापर्यंत पोचल्या. त्या वळून दिसेनाशा होईपर्यंत बायकोने टॉवेल पिळला नाही. पाणी तिच्या पायांवर ठिबकत राहिले.